पापडाची जाहिरात

असोद्याच्या बेबाबाईंना आपल्या उडदाच्या पापडांची जाहिरात करायची होती. फोटोसाठी त्या पदर सावरून बसल्या, तर लेक कामिनी आडवी आली. "आई, दरवेळी लाटताना बाईच का दाखवायची? दादाला बसव!"

"लोकं हसतीन ना वं!" बेबाबाई धास्तावल्या. पण केळीच्या बागेत राबणारा, पस्तिशी आली तरी लग्न न जमलेला हितेंद्र लाजत पोळपाटापुढे बसला आणि फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला.

दुसऱ्याच दिवशी चोपड्याहून एका तरुणीचा फोन आला. "किती किलो पाठवू?" बेबाबाईंनी हरखून विचारलं.


"पापड राहू द्या, मावशी. फोटोतल्या मुलाचं कुठे ठरलं नसेल, तर बघायला कधी येऊ? आणि पोहे त्यांनाच करायला सांगा."