जबड्याच्या दोन फिल्मा

बायको कस्तुरा गेल्याचं ज्योतीरामला दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. घरातून निघताना हाताला लागतील ते सगळे कागद ज्योतीरामने पिशवीत भरून आणले होते. त्यातच तिच्या जबड्याचा एक्स-रे होता. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडे धरली.

"हा कशासाठी काढला?"

"दाढ दुखत होती साहेब."

डॉक्टरांनी दाढ बघितलीच नाही. जबड्याच्या खाली, मानेच्या काळ्या भागात, तांदळाची कणी सांडावी तसे पांढरे कण होते. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "मेंदूला रक्त नेणारी शीर इथून जाते. तिच्यात चुना साठलाय. झटका ह्याच्यामुळेच आला असं मी म्हणत नाही, पण येऊ शकतो. दाढेसाठी काढलेल्या एक्स-रेत इतकं खाली कोण बघतं?" मग थांबून म्हणाले, "आधी कळलं असतं तर तंबाखू बंद केली असती, ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या असत्या."

ज्योतीरामने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगून कस्तुरा परत येणार नव्हती.

महिना झाला नसेल, तोच ग्रहण आलं. त्या दुपारी पिंपरीतल्या त्यांच्या चाळीत अर्ध्या खोल्यांची दारं बंद झाली, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं पडली. उरलेली अर्धी चाळ बौद्धांची. विहारात ठरलं होतं की ग्रहण पाळायचं नाही, बाहेर बसून खायचं आणि बघायचं. कस्तुराची धाकटी बहीण नीला दोन दारं सोडून राहायची. तिने स्टोव्ह बाहेर आणून भजी तळली, आणि सूर्य बघायला अक्काचा एक्स-रे मागितला.

पाकिटातून दोन फिल्मा निघाल्या. दोघी बहिणींना तंबाखूच्या मिश्रीची सवय, दोघींच्या दाढा दुखायच्या, म्हणून दोघी बरोबरच जाऊन एक्स-रे काढून आल्या होत्या. कस्तुराने दोन्ही एकाच पाकिटात कोंबल्या होत्या. दवाखान्यात त्यातली एकच बाहेर आली होती.

"अक्काची कुठली न् माझी कुठली, कायच कळंना."

"सूर्य बघायला ते कशाला पायजे?"

नीला हसली. त्या घरासमोर इतक्या दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. एक फिल्म तिने घेतली, एक त्याला दिली.

ऊन विझत चाललं होतं. ढग नव्हता, संध्याकाळ नव्हती. कडुनिंबाखाली जमिनीवर पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. माणसंही नकळत हळू बोलायला लागली.

शेजारच्या बंद खिडकीतून अर्जुनरावांचा आवाज आला, "ओ ज्योतीराम, किती खाल्ला?"

"निम्म्याच्या वर."

"बाहेर या की अर्जुनराव," नीला म्हणाली. "भजी गरम हायेत."

"गिरजा उलटा टांगंल मला."

"टांगीनच," आतून गिरजाबाई म्हणाल्या. "नीलाबाई, त्यांना नका नादाला लावू."

ज्योतीरामने फिल्म डोळ्यांसमोर धरली. कस्तुराचा जबडा त्याने लगेच ओळखला. थोरली मुलगी झाल्यावर काढलेल्या दाढेची जागा मोकळी होती. खाली ते कण होते. त्यांच्या शेजारी, मानेच्या काळ्या भागात, कुरतडलेला सूर्य होता. तो हलत नव्हता. पण ज्योतीरामला वाटलं, तो तिच्या मानेतून वर चढतोय.

"दाजी, माझ्यातनं लई भारी दिसतंय. हे घ्या."

नीलाने त्याच्या हातातली फिल्म काढून घेतली आणि आपली दिली. त्याने ती वर धरली. तोच जबडा, तोच सूर्य, खाली तेच कण. फिल्म बदलायची राहिली, असं त्याला वाटलं. त्याने बाजूला बघितलं. कस्तुराची फिल्म नीलाच्या हातात होती.

त्याने पुन्हा वर बघितलं. हिच्यात एकही जागा मोकळी नव्हती. शेवटची दाढ आडवी पडलेली होती. ती काढून टाका म्हणून दाताच्या डॉक्टरांनी नीलाला सांगितलं होतं, आणि तिने काढली नव्हती.

"तेवढं खाली पांढरं काय हाय हो?" नीलाने विचारलं. "माझ्यात बी हाय, अक्काच्यात बी हाय."

"धूळ असंल."

नीलाने आपली फिल्म परत घेतली. त्यावर तोंडाची वाफ सोडली, पदराने पुसली, उजेडाला धरली. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा पुसली. या खेपेला अंगठ्याने जोर लावून पुसली.

"न्हाई निघत, दाजी."

ज्योतीरामने तिच्याकडे बघितलं. आता इतकं अंधारलं होतं की तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता, आणि ती मान वर करून उभी होती. मानेवरची शीर उडत होती. ती त्याला स्पष्ट दिसत होती.

"भजी गार झाली," ती म्हणाली आणि स्टोव्हकडे वळली.

आता उन्हाळा लागलाय. नीला त्याचा डबा करून देते, मिश्री लावून दारात बसते, अक्काची आठवण काढते. तिला घेऊन दवाखान्यात जायचं अजून राहिलं आहे.