दारातलं टेबल

“हर्षला कामाला वाघ आहे हो, पण डोकं तुमचं,” अध्यक्ष वैजयंतीबाईंना म्हणाले. “नुसती राबणारी बाई आपल्या सगळ्या दुकानांची प्रमुख कशी होणार? मोबाइल दुरुस्तीचं टेबल मागच्या खोलीतून थेट दारात आणणं तिला सुचलं असतं का?”

वैजयंतीबाई निवृत्त होत होत्या आणि आजच्या बैठकीत त्यांच्या जागी माणूस निवडायचा होता: हर्षला, नाहीतर बंगळुरूचे एक गृहस्थ.

ते टेबल हर्षलालाच सुचलं होतं, नाशिकच्या दुकानात. आपला फोन डोळ्यांसमोर उघडला की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो, असं ती म्हणायची. तेव्हापासून कंपनीचं दुकान म्हणजे दारातलं टेबल, असंच झालं. कौतुक वैजयंतीबाईंचं झालं, आणि त्यांनी ते होऊ दिलं. हर्षला हसून म्हणाली होती, “मॅडम, तुमचं-माझं काय वेगळं?”

आज त्यांनी घसा खाकरला. “ती कल्पना तिची होती. माझी नव्हती.”

 मग अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ सगळ्यांनीच.

“बघा! जाता जाताही हाताखालच्या पोरीला श्रेय देतायत. याला म्हणतात मोठं मन!”

“अहो, मी खरंच सांगतेय—”

“पुरे हो बाई, किती तो विनय!”

बंगळुरूच्या गृहस्थांचं नाव पक्कं झालं.

बाहेर हर्षला ताटकळत उभी होती. चेहरा फुललेला.

“टाळ्या ऐकल्या, मॅडम! तुम्ही बोललात ना माझ्यासाठी?”

ती पाया पडायला वाकली, तशा वैजयंतीबाई चटकन मागे सरकल्या.