अंगठ्यापर्यंतचे हमाल

"अगं, कळतंय का काही?" सुलभाच्या पायाचा अंगठा चोळत दिगंबरने विचारलं.

"नाही हो."

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या तुटलेल्या नसेत डोळ्यांना न दिसणारे हमाल सोडले होते. ते कमरेकडून दुरुस्तीचा माल वाहायचे, पण खालून कुणी चोळून हाक मारली तरच पुढे सरकायचे. महिन्याभरात जाणीव आली नाही, तर पाय कायमचा बधिर. आज शेवटचा दिवस होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. "हमाल सोमवारीच अंगठ्याला पोचलेत की."

सुलभाने पदर तोंडाला लावला. "तीस वर्षांत यांनी कधी माझ्या पायाला हात लावलाय? म्हटलं, घेऊ चार दिवस चोळून."

दिगंबरने तिचा दुसरा पायही मांडीवर ओढला.