अणूला अणू

गोऱ्यांनी लुटून नेलेला देवीचा चांदीचा मुखवटा परत आला म्हणून अख्खं गाव देवळात जमलं होतं. भागीरथी गुरविणीने त्यावर हात फिरवला. शिमग्यात पालखी नाचवताना पडलेला, आजीकडून ऐकलेला पोचासुद्धा जागच्या जागी होता.

"अणूला अणू जुळवून बनवलाय," विलायतेतल्या संग्रहालयाचा साहेब दुभाषी यंत्रातून म्हणाला. "मूळ मुखवटा आमच्याकडेच सुरक्षित राहील. दोन्हींत तसूभरही फरक नाही."

भागीरथीच्या मस्तकात तिडीक गेली. "मग हा घेऊन जा आणि आमचा आणून दे!"

"असं कसं?" साहेब चटकन बोलून गेला. "मूळ ते मूळच!"

"अरे चोरा," ती कडाडली, "आमचे आजे-पणजे तुमच्या दारात उभे राहून दुसरं काय सांगत होते?"