दुसरा नमुना

वेणीमाधवपंतांनी जेऊरहून आणलेली बाटली ओट्यावर उपडी केली. बाभळीची साल, चिमूटभर माती आणि एक मेलेली मुंगी. बाकी काही नाही.

"नाही ना मिळाला?" यशोदाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"कुठला मिळतोय! आठ वर्षांत एकदा मिळाला, तेच नशीब. आता नशीबही माझ्यासारखं पेन्शनीत निघालंय."

पंत खांबाला टेकून बसले. सोलापूरच्या शाळेत सायन्स शिकवण्यात तीस वर्षं गेली. पोरं पाठीमागे 'किडे मास्तर' म्हणायची, त्यालाही कान सरावले. पण आज गुडघे बोलत होते, कंबर बोलत होती, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं: पुरे.

यशोदाबाईंपुढे सुपाऱ्यांचं लग्न मांडलं होतं. शेजारच्या दुर्गाकाकूंच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि रुखवताचं काम अख्ख्या पेठेतून यायचं ते यांच्याकडेच. सुपारीचा नवरा झाला, नवरी झाली. आता सुईच्या टोकावर डिंक घेऊन त्या नवऱ्याच्या मामाला झुपकेदार मिशी लावत होत्या. भोवती डब्याच डब्या. बांगड्यांच्या काचा, मोरपिसाचे धागे, पंतांनी फेकलेले मोडके किडेसुद्धा. टाकून द्यायचा हात देवानं बाईंना दिलाच नव्हता. पंत चिडायचे, "याचं काय लोणचं घालणार आहेस?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "लागतं कधीतरी."

"जेऊर स्टेशनवरचा जोतीराम पोर्टर काय म्हणाला ठाऊक आहे?" पंतांनी खिशातून काड्यापेटी काढून खाली ठेवली. "म्हणतो, 'मास्तर, तुमच्या चित्रातला किडा हितं गाडीभर हाय. पर असली मिशी म्या जल्मात न्हाय बगितली. ह्यो घ्या, मिशी सोडली तर त्योच हाय की!' आणि हा साधा भुंगेरा माझ्या हातावर ठेवला. हसावं की रडावं?"

"साहेबाचं पत्र पुन्हा वाचा ना," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही घाईत होतात."

पंतांनी कलकत्त्याच्या म्युझियमचं पत्र उलगडलं. घडीवर ते फाटायला आलं होतं.

"साहेब लिहितो, तुमचं वर्णन आणि चित्र चोख आहे. अंग बाभळीच्या साध्या भुंगेऱ्याचं. तपकिरी पाठ, पंखांच्या कवचावर तांबूस पट्टा, पायाला दोन काटे. पण त्या कुळातल्या साऱ्यांच्या मिश्या दोऱ्यासारख्या असतात. याच्या मात्र फणीसारख्या, दातेरी, अगदी दुसऱ्याच कुळातल्या. शिवाय मिशीच्या मुळाशी ती मधाच्या रंगाची गाठ! तशी गाठ जगातल्या कुठल्याच भुंगेऱ्याला नाही."

"जगातल्या?" बाईंची सुई थांबली.

"जगातल्या! आणि मला बघ, पकडला तेव्हा काहीच कळलं नाही. कंदिलाच्या उजेडात साधाच समजून टाचणी मारली आणि पंधरा दिवस बहिणीकडे माढ्याला गेलो. परत येऊन भिंग लावलं तेव्हा डोळे उघडले."

मामाची मिशी वाकडी बसली होती, ती बाईंनी सरळ केली.

"पण एका नमुन्यावर नाव देता येत नाही म्हणे. दुसरा पाठवा. सप्टेंबरात साहेब विलायतेला परत जातोय, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला किड्यांत रस नाही." पंतांनी पत्र मिटलं. "संपलं. आठ पावसाळे बाभळी सोलल्या. आता डोळ्यांनाही दिसत नाही. उद्या या बाटल्या भंगारात घाल."

"असं काय बोलता?"

"मग काय करू? दमलो गं मी."

बाईंनी सुई खाली ठेवली. नवऱ्याचे त्रागे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. एकदा झाडताना एका किड्याची मिशी तुटली, तर 'मिशी गेली की किडा फुकट!' म्हणून पंत घरभर ओरडले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून बाई किड्यांच्या कपाटाला भीत असत. पण हा त्रागा नव्हता. हा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, घरातला पाळणा माळ्यावर टाकला त्या दिवशी.

"नाव काय देणार होतो, सांगू?" पंत भिंतीकडे बघत म्हणाले. "तुझं. यशोदा. शास्त्राच्या पुस्तकात, लॅटिनमध्ये. आपल्यामागे नाव लावायला कुणी नाही. निदान किड्याला तरी तुझं नाव लागलं असतं."

यशोदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अहो म्हणण्यापलीकडे ज्या माणसानं त्यांच्याकडून कधी काही ऐकून घेतलं नाही, तो त्यांचं नाव जगाच्या पुस्तकात घालायला निघाला होता. इतक्या वर्षांची भीती कुठल्या कुठे गेली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि डब्यांच्या ढिगातून एक जुना करंडा काढला.

"अगोबाई, मग आधी नाही का सांगायचं? उगाच जिवाला लावून घेतलंत." त्यांनी डिंकाची वाटी जवळ ओढली. "जोतीरामानं दिलाय ना, तो द्या इकडे. तुम्ही माढ्याला गेला होतात तेव्हा मी मिश्यांचे दोन जोड काढून ठेवले होते. एक उरलाय अजून."