मासा येण्याआधी

"मीठ विकत कशाला? समुद्र दारात आहे," म्हणत माझ्या नवऱ्याने, फ्रानेने, स्प्लिट बंदराच्या धक्क्यावरून डबे भरभरून पाणी आणलं, माशासाठी घेतलेल्या काचेच्या टाकीत दगड रचले आणि एक कोळंबी कुजायला टाकली. त्यातून जिवाणू वाढून पाणी माशालायक व्हायला सहा आठवडे लागतात. शिकारी लायनफिश त्यानंतर येणार होता.

आमची दहा महिन्यांची लेक दुन्या मात्र त्या रिकाम्या पाण्याकडे बघून खिदळायची. दुधाचा वास येणारं ते डोकं मी छातीशी धरलं की रडायची.

"अगं, रिकाम्या टाकीवर जळतेस?" फ्राने हसला. "मासा आल्यावर काय करशील?"

जळत होतेच. तिने मला अजून एकदाही आई म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर आतून तपकिरी थर चढला. एका सकाळी त्यात तळहाताएवढी जागा पुसलेली दिसली, पाची बोटांसकट. दुन्या बाहेरून तिथेच हात टेकवून उभी होती.

"आतून काच पुसलीस?" मी फ्रानेला विचारलं.

"वेडी का तू? इतक्यात आत हात घालायचा नसतो. झाकणसुद्धा उघडलं नाही मी."

मी त्या ठशावर हात ठेवला. बोटन्‌बोट जुळलं.

दुन्याने माझा हात ढकलून दिला, काचेला गाल लावला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आई."