आवळलेला नट

"काकू, हे हँडल गंजाने जाम झालेलं नाही," सायकलच्या हँडलखालच्या बेअरिंगचे छर्रे तळहातावर घेत मिस्त्री म्हणाला. "नट मुद्दाम आवळलाय. एका हाताने चालवणारे आवळतात, म्हणजे हँडल डगमगत नाही."

"ह्यांचे दोन्ही हात धड होते," वच्छलाबाई म्हणाल्या. गेलेल्या नवऱ्याची सायकल त्या पुतण्याला देणार होत्या. "दर दसऱ्याला स्वतः धुवायचे, पण हँडलला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

मग त्यांना तालुक्याचा दवाखाना आठवला. फिटच्या गोळ्यांनी परतताना कॅरियरवरच त्यांचा डोळा लागायचा. नवऱ्याचा डावा हात मागे येऊन त्यांचा दंड धरायचा. लोक बघतात म्हणून त्या तो झटकायच्या. तो पुन्हा यायचा.

"आता सैलच बसवू ना?" मिस्त्रीने विचारलं.

"बसवा. पुतण्याच्या मागे कुणी बसत नाही."